घटनेची नोंद नाही

फालका बाजारातल्या झेरॉक्सवाल्या पोराला
आमच्या फाइलीची पानं आता पाठ झालीत.
"काकू, मेडिकल बोर्डाच्या तीन, की चार?"
चार. एक जबलपूरच्या वकिलाला, एक प्रयागराजला,
एक सैनिक बोर्डातल्या कुशवाह बाबूंना,
आणि एक माझ्याकडे, पिठाच्या डब्यावरच्या फळीवर,
जिथं उंदीर पोचत नाहीत.

पहिलं अपील सतरा महिने चाललं.
दुसऱ्याचे महिने मी मोजत नाही,
गॅसच्या टाकीवर धरते. नववी लावलीय परवा.

पत्र आलं तेव्हा ह्यांनी उघडून पाहिलं
आणि घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं.
चष्मा तेव्हापासून खिडकीतच असतो.
मी वाचलं.
आजार सेवेमुळे झालेला नाही.
सेवेमुळे वाढलेला नाही.
सुरू झाला तेव्हा पोस्टिंग शांत क्षेत्रात होतं.
(शांत असल्याशिवाय ऐकू येईल कसं, साहेब?)
पुढे एक इंग्रजी शब्द होता, कॉन्स्टिट्यूशनल.
शेजारच्या ढवळे मास्तरांना विचारला.
ते म्हणाले, "घटनात्मक."
आणि त्याच्या खालच्याच ओळीत:
अशी कोणतीही घटना युनिटच्या दप्तरी नोंदलेली नाही.

म्हणजे घटनेतच आहे, पण घटना नाही.
दोन दिवस कणीक तिंबताना
हेच तिंबत होते.

मग आला कुठून?
सासूबाई जाताना देऊन गेल्या?
का माझ्याच माहेरून आला, आंदणाच्या परातीत?
लग्नाच्या वर्षी मेळ्यात हाच माणूस
मौत के कुएँच्या कठड्यावरून कमरेपर्यंत वाकून
फटफटीवाल्याला दहाची नोट देत होता,
मी मागून शर्ट धरून ठेवलेला.
फोटो आहे.
तो लावायचा का अर्जाला?

अपंगत्व तीस टक्के, असं बोर्डानं लिहिलंय.
चोवीस तासांतली रात्र तेवढीच भरते, थोडी जास्त.
हिशेब चुकला असं मी म्हणत नाही.

महाराजपुऱ्याहून विमान उडतं रात्री.
गोला का मंदिरवरही आलेलं नसतं अजून,
हे उठून बसलेले असतात.
खाट भिंतीपासून ओढतात,
मुलीला उचलून मधल्या खोलीत आणतात,
(ती आता अकरावीत आहे, पाय जमिनीला लागतात तिचे,
झोपेचं सोंग करते, उचलू देते)
आणि मग अंधारात मोजतात.
एक. दोन. तीन.
घरात आम्ही तिघंच.
हे सातपर्यंत जातात.

त्या चौघांबद्दल मी कधी विचारलं नाही.
एकदा तापात दोर्जे असं नाव आलं तोंडी.
वकिलाला सांगितलं, तर म्हणाला,
"पूर्ण नाव? नंबर? तारीख?"

तारखा माझ्याकडे आहेत.
दुधाच्या कॅलेंडरवर फुली म्हणजे दूध आलं नाही,
टिंब म्हणजे रात्र.
तीन वर्षांची कॅलेंडरं नेऊन दाखवली.
कुशवाह बाबू भला माणूस, चहा मागवला,
प्रत्येक पान उलटलं, मग म्हणाले,
"भाभीजी, इसमें तो मुहर नहीं है."

बोर्डाच्या डॉक्टरनं ह्यांना विचारलं होतं, झोप लागते का?
नायक भगवंत शितोळे खुर्चीतून उठले,
टाचा जुळवल्या,
म्हणाले, "येस सर."
तेवढी मात्र नोंद आहे.

सुनावणी पुन्हा पुढे गेली. मंगळवारी फोन आला.
ह्यांना सांगितलं, तर म्हणाले,
"परतताना गजक आण, तिळाची. गेल्या वेळची नरम होती."

आणि काल रात्री,
हे चारवर आले नि थांबले,
पुढे जाईनात,
तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "हजर."
पाच. "हजर."
आवाज माझाच होता, बदलता येत नव्हता.
सहा, सात.
बराच वेळ काही नाही.
मग खाट चरचरली, आणि श्वास लागला ह्यांचा.

सकाळी कॅलेंडरसमोर पेन्सिल घेऊन उभी राहिले.
टिंब द्यायचं
की नाही द्यायचं.
खाली दूधवाला पातेलं मागत होता.