टाळू

वीस आठवड्यांचा होतास.
रुवीच्या दवाखान्यात मल्याळी नर्स म्हणाली,
मेंदू अजून गुळगुळीत आहे,
वळ्या नंतर पडतात.
माझ्या कपाळावर आधी पडल्या.

मग तुला ऐकू येऊ लागलं:
एसीची घरघर, पहाटेची अजान,
फोनवर तुझा बाबा, सोहारला अजून चार दिवस.
म्हणून नाव ठेवलं सुश्रुत.

आलास तेव्हा टाळू उडत होती
टोपल्याखालच्या पिलासारखी.
चिपळूणचं तेल, तीन पिशव्यांत बांधून आलेलं,
रोज तळव्याने जिरवायचे.
भर बाबा, भर लवकर.
दीड वर्षात भरली.
मला वाटलं, झालं.

दुधाचा दात टाकायला कौलं नव्हती.
सहाव्या मजल्यावर, खिडकीबाहेरच्या एसीवर ठेवलास.
वाऱ्याने नेला कुठेतरी, वादी अदईकडे.

आता चौदा.
कंठ फुटलाय, बूट दहा नंबरचे,
दार आपटतोस
आणि मग तूच दचकतोस.
डॉक्टर झुबैदा म्हणतात,
कपाळामागचा भाग सगळ्यांत शेवटी जुळतो,
विशी उलटेपर्यंत धीर धरा.
म्हणजे अजून उघडंच आहे काहीतरी,
फक्त हाताला लागत नाही.

काल सोफ्यावर झोपलास,
पाय बाहेर लोंबणारे.
मी केसांत बोटं घातली,
इकडेतिकडे चाचपलं.
"काय शोधतेस?"
बाबाच्या आवाजात विचारलंस, डोळे मिटूनच.

काही नाही रे.
झोप.
हाताला उगाच तेलाचा वास येत राहिला.