चाप-झिन

हमरियाच्या यार्डात, जुलैत,
साडेबारा ते तीन काम बंद.
कायद्यानं दिलेली सावली.
त्या सावलीत ख्वे डबा उघडतो, भात बोटांना लागतो,
बोटं पुढे करून म्हणतो: झिन.
मग बुटाच्या तुटलेल्या नाडीला दुसरी नाडी बांधतो:
चाप.

चाप-झिन. जोडत, चिकटवत जाणाऱ्या भाषा
असतात म्हणे जगात.
कॉलेजात दोन वर्षं तो हेच शिकत होता.
मग बापाच्या होडीचं कर्ज,
मग पाइप वेल्डिंगचं सर्टिफिकेट.

"तुझी कसली?"
मी प्लेटीवर खडूनं लिहिलं, माणूस.
खाली माणसांना.
माणसांसाठी.
माणसांसाठीसुद्धा,
आणि प्लेट संपली.

तो वाकून एकेक सांधा ठोकू लागला,
सोमवारी कुरियन साहेब आमचे ठोकतात तसा.
सुद्धा जरा सैल वाजलं. साठी घट्ट.
लिपी त्याला येत नाही, पण डोळा वेल्डरचा.
वरच्या शब्दाच्या पोटाखाली एक शेपूट होतं,
खालच्या ओळींत त्या जागी काहीच नाही.
"हे कुठे गेलं?"

चाळीस वर्षं बोलतोय,
मला कधी दिसलं नव्हतं:
कशालाही जोडून घ्यायचं तर
माणूस आधी आपला दीर्घ उकार टाकतो.

"मग ही चाप-झिन नव्हे," ख्वे म्हणाला.
"नुसतं चिकटवलं तर मूळ तसंच राहतं.
इथं मूळ धातू वितळलाय."
धातू! मला हसू आलं,
का ते त्याला सांगता येईना.

त्याच्या भाषेत काही वितळत नाही.
एकेक शब्द सुटा, मध्ये जागा सोडून,
कॅम्पातल्या खाटांसारखा.
कालही तोच, उद्याही तोच,
एक असला तरी, शंभर असले तरी.
फक्त सूर चढतो, पडतो, मध्येच मोडतो.
रात्री बायकोशी बोलताना
मला वरच्या खाटेवर तेवढंच कळतं.

तीनची शिट्टी झाली.
क्रेननं प्लेट उचलली, खडूसकट.
ती आता कुठल्या समुद्रात उभी असेल
कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी ख्वेच्या हेल्मेटवर
एकच खूण काढलेली,
अक्षराशिवायचा उकार, जरा वाकडाच.
कुरियन साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हणाला, "सापडला."