विझण्याची नोंद

बोर गावात जानेवारीतला बर्फ
दुपारपर्यंतच पांढरा असतो.
मग तांब्याच्या भट्टीकडून वारा फिरतो,
आणि येफिमिया शिडीने शाळेच्या गच्चीवर चढून
पंपातली गाळणी काढते.
बिस्किटाएवढी,
चोवीस तास श्वास घेतलेली,
कडेला कोरी, मध्ये राखाडी.
चिमट्यानेच उचलायची.
बोटांवरही हेच गाव असतं.

प्रयोगशाळेत आम्ल, मग ताटकळणं.
रेणू तिने स्वतः बनवला, तिसऱ्या खेपेला जमला.
जांभळ्या दिव्याखाली तो पोपटी उजळतो,
उगाच, कुणी न विचारता.
तांबं भेटलं की गप्प.

नव्या पोराला, वुकाशिनला, हे पटत नाही.
जस्त शोधणारे रेणू कसे पेटून उठतात,
हाच का मान खाली घालणारा?
ती म्हणते, चुगलीच्या दोन तऱ्हा असतात.
एक ओरडून.
एक, बोलता बोलता मध्येच थांबून.

आज नळ्या सहा.
एक कोरी, गाव न लागलेली.
चार गच्चीच्या.
सहावीवर चिठ्ठी नाही.
तिच्यात आईच्या खिडकीचा पडदा आहे,
कोपऱ्यातून बोटभर कापलेला;
दर शनिवारी धुतला जाणारा,
"जरा कळकट दिसतो" यापलीकडे
ज्याच्याबद्दल त्या घरात कुणी काही बोललं नाही.
बाबा भट्टीवर एकतीस वर्षं.
वह्यापुस्तकं, दात, लग्नाचे बूट,
सगळं त्याच धुराचं.

दिवा लावला.
कोरी नळी पोपटी, निर्लज्ज.
चार मंदावल्या, विहिरीत उतरत गेल्यासारख्या.
"हिच्यात रेणू घालायचा राहिला का?"
वुकाशिनने सहावी उचलून विचारलं.
राहिला नव्हता.
तिने वहीत आकडा लिहिला, पेनाने,
आणि नळीवर चिठ्ठी चिकटवली:
रस्त्याचं नाव, मजला तिसरा.

संध्याकाळी आईचा फोन.
मागे कॉफीचं तांब्याचं भांडं घासल्याचा आवाज,
खरखर, खरखर,
त्या घरात ते नेहमीच लख्ख.
"पडद्याचं काय झालं गं? उजळलं का काही?"
"नाही."
"बघ, म्हटलं नव्हतं? शनिवारीच तर धुतलाय."
"आई, तसं नाही ते, ते उजळत नाही म्हणजे..."

आणि येफिमिया थांबली.

पलीकडे
खरखरही थांबली.