सव्वा सूत

फाउंड्रीत माझी पट्टी खोटी होती.
बिडाला फुटामागं एक सूत जास्त,
अॅल्युमिनियमला सव्वा.
धातू थंड होताना अंग चोरतो,
म्हणून लाकडाचा नमुना आधीच थोडा थोरला करायचा.
एकतीस वर्षं उद्यमबागेत
हेच केलं.

मग संकेश्वरच्या पुढं एका गुऱ्हाळात ऑस्टिन दिसली.
चौतीस सालची. दोघांपुरती स्पीडस्टर, म्हणे.
दिसला तो सांगाडा,
तारांची तीन चाकं,
आणि मातीत पाय रोवून बसलेलं इंजिन,
ज्यानं पट्टा लावून वीस हंगाम ऊस पिळला होता.
मालकानं भंगाराच्या भावानं दिली,
वर एक ढेप दिली गुळाची.

वडगावात, परसात, पत्र्याच्या छपरीत
पिंपात कॉस्टिक उकळून इंजिन बुडवलं.
तीन दिवस काकवी सुटत राहिली,
गल्लीतल्या सगळ्या मुंग्यांना पत्ता कळला.
चौथं चाक खानापूरच्या कौलकारखान्यात सापडलं,
विहिरीवर, रहाट म्हणून.
मोबदल्यात त्यांना नवा रहाट करून दिला.

अंग मात्र कुठंच नव्हतं.
ना फोटो, ना कागद.
गाडी धावताना पाहिलेला एकच माणूस उरला होता:
दुंडाप्पा मगदूम, वय शहाऐंशी.
आठ वर्षांचा असताना
तिच्या मागं हुक्केरीच्या वेशीपर्यंत पळालेला.

"शेपूट कसं होतं?"
"होडीगत. निमुळतं."
"आणि उंच किती?"
काठी भिंतीला टेकवली,
आडवा तळवा छातीला लावला.
"इष्टु," म्हणाला. एवढं.

शिवणीच्या फासळ्या कापल्या.
पत्र्याला साबण फासून खालून आच द्यायची,
साबण काळा पडला की पत्रा नरमतो,
मग वाळूच्या पिशवीवर, बाभळीच्या मोगरीनं,
जराजरा.
हौसा दारातून बघत होती.
"वडगावात प्यायला पाणी न्हाई,
आणि तुम्ही होडी करूलालासा?"

चार महिने.
उभं राहिलं ते शेपूट नव्हतं,
उपडी घातलेली काहील होती.
मापात चूक नव्हती, दोनदा ताडलं.
छातीइतकंच होतं.

मग शेजारच्या विणकराची कस्तुरी आली,
वाळूत हात घालायला. तिसरीत आहे.
पत्र्याशी उभी राहिली
आणि तिचं डोकंसुद्धा वर दिसेना.

मी विडी विझवली.
म्हातारा कोणाची छाती दाखवत होता?

सगळ्या खोट्या पट्ट्या होत्या माझ्याकडं,
पितळेची, बिडाची, शिशाची.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची नव्हती.
शेवटी कस्तुरीच्याच छातीशी खडूनं रेघ ओढली
आणि चार महिने कापून काढले.

इंजिन तिसऱ्या हँडलला लागलं.
सायलेन्सरमधून आधी धूर आला,
मग जळक्या गुळाचा वास,
कितीही धुतलं तरी कुठंतरी उरलाच होता.

दुंडाप्पाला रिक्षातून आणला.
गाडीभोवती फिरला. शेपटाशी थांबला.
हात छातीपर्यंत गेला,
तिथं काहीच नव्हतं.
"लहान केलास," म्हणाला.
मी वाद घातला नाही. दार नसतंच हिला,
दोघांनी धरून आत बसवला.

गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, वीसच्या वेगानं.
मागं पोरं. सगळ्यांच्या पुढं कस्तुरी,
चप्पल हातात, एक तळवा पत्र्यावर.
म्हातारा मान वळवून बघत राहिला,
मग पुढं बघितलं,
मग पुन्हा मागं.

कोपऱ्यावर म्हैस आडवी आली. हॉर्न दिला.
बराच वेळ काही बोलला नाही.

"हॉर्न हा नव्हता," म्हणाला.
"मग कसा होता?"
त्यानं गाल फुगवले
आणि शहाऐंशीच्या फुप्फुसातून
एक आवाज काढून दाखवला.

आता त्याला किती सूत कमी करायचे,
ते ठरवतोय.