गवताची उंची

गवत आधी मी गुडघ्याएवढं केलं होतं.
मिलिवोय म्हणाला, नाही, घोट्याएवढं.
आम्ही आधी कापायचो, मग तपासायचो.
मी एक आकडा बदलला,
आणि कार्लोवात्सच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरच्या शेजारी
अख्खं माळरान खुजं झालं.

हे माझं काम.
डॉक्टर वेद्राना प्रश्न विचारते,
तो डोळ्यांवर काळं खोकं चढवतो,
घोड्याला झापडं लावावीत तसं.
झापडं लावतात ते दिसू नये म्हणून.
इथे दिसावं म्हणून लावतो,
आणि मी पडद्यामागे बसून
त्याला पायरीपायरीनं खाली सोडते,
विहिरीत पोहरा सोडावा तसं,
दोर हातात ठेवून.

अठरा वर्षं तो जमिनीतले सुरुंग काढत होता.
युद्ध संपल्यावर. म्हणजे
पेपरात संपलं त्यानंतर.
आता तो गवतावर पाय ठेवत नाही.
मुलीच्या लग्नात सगळे फोटोसाठी हिरवळीवर गेले,
हा डांबरी रस्त्यावर उभा, कोट हातावर टाकून.
मला त्यानं तो फोटो दाखवला.
नवरीच्या उजवीकडे एका माणसाएवढी जागा
कुणीही भरलेली नाही.

शंभरपैकी किती? वेद्राना विचारते.
सत्तर.
एक पाऊल.
ऐंशी. नाही, पंच्याऐंशी.
थांबू या?
नको.
बुटांखाली लिनोलियम आहे हे त्याला ठाऊक आहे.
पोटऱ्यांना ठाऊक नाही.

स्फोट माझ्या कीबोर्डावर आहे, वरच्या ओळीत, सातवी कळ.
त्या बाजूला मी कॉफीचा कप ठेवत नाही.
पहिल्यांदा ती दाबली तेव्हा
मीच डोळे मिटले,
आणि तो, घामानं निथळत, मला म्हणाला,
आवाज इतका मोठा नव्हता.
आधी धूळ उठते. आवाज मागून येतो,
कुणीतरी दार आपटल्यासारखा.

दर मंगळवारी दुरुस्त्या.
आलुबुखारांना फुलं कसली, सप्टेंबर होता.
फळं गळून सडली होती, त्यांवर गांधीलमाश्या.
मी गांधीलमाश्या घातल्या.
कोराना नदी डावीकडून ऐकू येते, उजवीकडून नाही.
मी नदी उचलून पलीकडे ठेवली.
इतकं सोपं असतं ते, की लाज वाटते.

नवव्या मंगळवारी आकडा चाळिसावर उतरला.
वेद्रानानं वहीत काहीतरी लिहिलं, खाली रेघ ओढली.
त्यानं खोकं काढलं. कपाळावर लाल वळ.
रुमालानं पुसत, खिडकीकडे बघत म्हणाला,
कुत्री राहिली.

कुठली कुत्री?

लास्ता. आमच्या भाषेत पाकोळीला म्हणतात, तो वेद्रानाला सांगू लागला,
जणू तिची भाषा वेगळी होती.
सुरुंग हुंगायची. माझ्या पुढे चार पावलं होती.
चारच.
नऊ आठवडे त्यानं हे तोंडातून काढलं नव्हतं.
रेडिएटर टकटक करत राहिला.

आमच्याकडे तयार कुत्री बरीच आहेत,
सोनेरी, न्हाऊमाखू घातलेली,
दर आठ सेकंदांनी तीच शेपटी हलवणारी.
लास्ता बुटकी होती. कान फाटका, डावा.
आणि कामावर असताना, त्यानं बजावलं,
शेपटी हलत नाही. नाक हलतं.
दोन रात्री मी फक्त नाकावर बसले.
नवऱ्यानं विचारलं, एवढं काय करतेस?
म्हटलं, वास घेतेय.

दहावा मंगळवार.
तो चालला नाही.
गवतात उभा राहिला, मग उकिडवा बसला,
आणि रिकाम्या फरशीच्या वर, वीतभर उंचीवर,
त्याचा हात मागे-पुढे फिरू लागला,
केसांच्या दिशेनं.
पुन्हा. पुन्हा.
सातव्या कळीकडे माझं बोट गेलं नाही.
वेद्रानानंही मान हलवली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,
शंभरपैकी?

कान, तो म्हणाला. थोडा खाली.

मी कान खाली केला.