करंगळी

डंडीच्या त्या साप्ताहिकात
इफी लॉरिमर चित्रं काढायची,
आणि तळघरात मी तिच्या रेषा
जस्ताच्या पत्र्यावर उतरवून आम्लात बुडवायचो.
बत्तीस वर्षं.
माझं नाव कधी छापून आलं नाही.
तिचंही फारसं नाही म्हणा.

इंचावर पैसे मिळत.
कथेतली नायिका बेशुद्ध पडली की चित्राला तीन कॉलम लागत,
संपादक गेडी कपाळाला आठ्या घालून विचारत,
उभ्या उभ्या बेशुद्ध करता येईल का हिला?

टोप्या, कॉर्सेट, खोकल्याचं औषध,
नव्या जहाजावर बाटली फोडणारी कुणाची तरी बायको,
आणि क्रमशः कादंबरीत दर आठवड्याला एक खून.
मॉडेलला द्यायला पैसे कुठले?
जिना उतरून यायची, म्हणायची,
"अ‍ॅलिक, हात दे जरा."
मी एप्रनला हात पुसून धरायचो
पिस्तूल, म्हणजे झाडूचा दांडा,
किंवा एखाद्या लेडीचा गळा, म्हणजे व्हिस्कीची बाटली.

माझी करंगळी आम्लानं जळून वाकडी झालेली.
तिनं ती एकदाही सरळ काढली नाही.
ब्रॉटी फेरीहून एका वाचकाचं पत्र आलं:
लॉर्ड, दरोडेखोर आणि पाद्री,
तिघांची करंगळी वाकडी कशी?
एकाच आईची लेकरं का ही?
गेडींनी ते छापलं नाही.
तिनं रंगपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं.

मग फोटो आले.
टोप्या गेल्या, जहाजं गेली, खूनसुद्धा गेले.
उरले विणकामाचे नमुने
आणि हवामानाच्या रकान्यात एक ढग,
तोच तो.
तिचा हात थरथरू लागला, तेव्हा
रात्री मागे थांबून मी कोरणीनं
पत्र्यावरची कापरी रेघ तासायचो.
गुरुवारी अंक चाळताना ती
माझ्याकडे न बघता म्हणायची,
"बरा चालतोय की अजून हात."

शेवटचं चित्र टे नदीच्या मुखाचं.
वारा, भरती, एक होडी.
सोबत चिठ्ठी:
याला हात लावू नकोस. पाणी असंच असतं.

नाही लावला.

शनिवारी कोळ्यानं हॅडक त्याच पानात बांधून दिला.
बायको म्हणाली, टाक तो घाण कागद.
वल्ह्यावरची मूठ तांदळाच्या दाण्याएवढी,
तीत करंगळी कुठली दिसायला.
तरी मी चष्मा आणायला उठलो.