तोलाई

पाच आठवडे झाले,
काटा हलत नाही.
बसलाय म्हणजे पाट मांडून बसलाय,
एक्क्याण्णव सहाशे.

कोपरखैरण्याच्या आमच्या दीड खोलीत
पहाटे साडेतीनला, सगळे झोपेत असताना
मी चड्डीवर उभा राहतो
लेकीनं पगारातून आणलेल्या काचेच्या चौकोनावर.
श्वास सोडून. जणू श्वासाचीही तोलाई लागते.
कधी उजवा पाय आधी, कधी डावा.
एकदा मोरीपाशी ठेवून पाहिला,
एकदा देव्हाऱ्यासमोर,
तिथं तरी काही सूट मिळेल म्हणून.
एक्क्याण्णव सहाशे.

आणि मी कोण, तर मापाडी.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात सव्वीस वर्षं
गोणी चढते, आकडा बोलतो, लिहितो.
व्यापारी चिडतो, माल पाठवणारा चिडतो,
मी शांतपणे सांगत आलो,
शेठ, काटा खोटं बोलत नाही.

मागच्या सोमवारी मीच
पाच किलोचं शिक्क्याचं वजन पिशवीत घालून घरी आणलं,
भाजीखाली लपवून.
ठेवलं काचेवर. पाच शून्य शून्य.
मंदा दारात उभी होती.
काही बोलली नाही.
वजन उचललं आणि लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवलं.

पहिले अकरा किलो कसे गेले कळलंही नाही.
कांदा नाही का, चाळीत नुसता पडून राहिला
तरी रोज थोडा सुकतो,
कुणी काही न करता घट येते.
मला वाटलं, आपलंही तसंच.

डॉक्टर टिपणीसबाई म्हणाल्या,
हणमंतराव, अंगाला कळलंय तुम्ही कमी देताय.
ते काटकसरीला लागलंय.
मला हसू आलं. अंग आमच्याच घराण्याचं.
माझी चुलती दिवाळीचं तेल
शिमग्यापर्यंत पुरवायची,
वर पाहुण्याला विचारायची, भजी करू का?

तरी ऐकलं नाही मी.
भाकरीची अर्धी केली, अर्धीची चतकोर.
संध्याकाळी धारण तलावाला चारऐवजी आठ फेऱ्या.
खाडीला भरती होती, झडपा बंद,
पाणी ना आत ना बाहेर.
एक बगळा माझ्याकडे बघत राहिला,
आठही फेऱ्या.

मग तो गुरुवार.
ओतूरचा माल, सकाळची वेळ, पोटात नुसता काळा चहा.
मी मोठ्यानं बोललो त्रेपन्न
आणि हातानं लिहिलं पस्तीस.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.
बबन हमालानं वाकून वहीत पाहिलं,
हळूच म्हणाला, मामा, खाल्लं नाही का काही?
त्याच्या डब्यातली भाकरी, पिठलं,
गोणीवर बसून खाल्लं. दोघंही गप्प.
अठरा किलो कांदा
माझ्या उपाशीपणात हरवला असता.

त्या रात्री ठोंबरेनाना आठवले,
ज्यांनी मला काटा शिकवला,
दांडीचा, साखळ्यांचा, जुना.
मी घाई करायचो, पारडं खाली-वर होत असतानाच
आकडा ओरडायचो.
नाना पाठीत धपाटा घालायचे,
डुलणारा काटा वाचायचा नाही, पोरा.
डुलतोय तोवर त्याचं मन ठरलेलं नसतं.
थांबू दे. थांबला की बोल.

म्हणजे जन्मभर मी
काटा थांबायचीच वाट पाहत आलो,
आणि हा थांबला तर
याच्यावरच चिडलो.

आज पहाटे उतरलो खाली,
कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलं,
आणि सवयीनं, मार्केटातल्या आवाजात
ओरडलो, एक्क्याण्णव सहाशे!

स्वरूपा दचकून उठली,
बाबा, कुणाचा माल?

आपलाच, म्हटलं. झोप तू.

मंदानं न विचारता
डब्यात अख्खी भाकरी ठेवली.
मीही मोडून परत दिली नाही.
लोणच्यावरचं वजन काढून तिनं माझ्या हातात दिलं,
हे घेऊन जा. लोणचं मुरलं.